शेवटचा दिवस बेळगावात: मैत्रिणींना काय दाखवू?

पत्र: ताई, मी शहापूरला राहते. आम्ही कोल्हापूरच्या डी.एड. कॉलेजच्या चौदा मैत्रिणी, तीस वर्षांनी एकत्र ट्रिपला निघालोय. बेळगावात उतरून टेम्पो ट्रॅव्हलर करायची, गोकर्ण, कारवार, दांडेली करून परत यायचं आणि शेवटचा दिवस बेळगाव बघायचं. रात्रीची गाडी आहे. शेवटच्या दिवसाची जबाबदारी माझ्यावर. मी यादी केली: किल्ला, कमलबस्ती, वीरसौध, कपिलेश्वर, राजहंसगड, राकसकोप, कित्तूर, हलशी, गोकाकचा धबधबा, खडेबाजार, कुंदा. ती ग्रुपवर टाकली तर एकीनं लिहिलं, ‘बेळगावात बघण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा दुपारचीच गाडी धरूया.’ दुसरी म्हणते गोकाक झालाच पाहिजे. तिसरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पलूसची एक आहे, ती म्हणते मला फक्त साड्या घ्यायच्यात. ट्रिप जानेवारीत आहे. चार रात्री झाल्या, झोप नाही. मिस्टर म्हणतात, सगळं सोडून दे. काय करू? – शहापूरची एक वाचक

---

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यादीचं नंतर बघू. ‘बघण्यासारखं काय आहे’ हे वाक्य तुम्हाला लागलंय, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. मी निपाणीची. माहेरच्या गावाला कुणी नावं ठेवली की जेवण गोड लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मैत्रिणीनं ते मोबाइलवर, घाईत, बहुतेक भाजी चिरता चिरता लिहिलं असणार. ज्यानं बेळगाव फक्त हायवेवरून नाहीतर गोव्याला जाताना रेल्वेच्या खिडकीतून बघितलंय, त्याला दुसरं काय वाटणार? आणि तुम्ही तिला उत्तर म्हणून अकरा ठिकाणांची यादी केलीत. खरं सांगा, ती यादी मैत्रिणींसाठी आहे की त्या एका वाक्यासाठी?

मला ती त्या वाक्यासाठी वाटली, म्हणून आधी तिच्यावर काट मारते.

गोकाकचा धबधबा बेळगावपासून साठेक किलोमीटर, ईशान्येला. कित्तूर पन्नासेक किलोमीटर, धारवाडच्या वाटेवर. हलशी खानापूरच्या पलीकडे, दक्षिणेला. तिन्ही वाटा तीन दिशांना जातात. एकेका ठिकाणी जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो, आणि तोही बसल्या जागी, गाडीत. चार दिवस घाटातून हिंडून आलेल्या पन्नाशीच्या बायकांना पाचव्या दिवशी पुन्हा गाडीत कोंबायचं? त्यात गोकाकचं तर ऐन पावसाळ्यात बघायचं असतं. घटप्रभा फुगलेली असते आणि एकशे सत्तर फुटांवरून घोड्याच्या नालेच्या आकारात पाणी कोसळतं, तेव्हा झुलत्या पुलावर उभं राहिलं की पायाखालची फळी थरथरते. जानेवारीत काळा खडक जास्त दिसेल आणि पाणी कमी. गोकाक पाहिजेच म्हणणाऱ्या मैत्रिणीला तुम्ही हेच सांगा आणि ऑगस्टचं आमंत्रण आत्ताच देऊन ठेवा. नाही म्हणण्यापेक्षा ‘ऑगस्टमध्ये ये की’ म्हटलेलं माणसाला गोड लागतं. हलशीची कदंब राजांची देवळंही तेव्हाच करा, खानापूरचा सगळा रस्ता तेव्हा हिरवागार असतो. राजहंसगड आणि राकसकोपचं धरणही त्याच वेळी.

म्हणजे तुमच्या यादीतली पाच नावं गेली. आता जे राहिलं ते सगळं शहरात आहे, आणि ट्रॅव्हलर दिवसभर दाराशी असली तरी तिला फार हलवावं लागणार नाही. गाडीवाल्या दादांनीही चार दिवस स्टिअरिंग धरलेलं असतं. त्यांना दुपारी तीन तास झोपू द्या, आणि त्यांचं ताट तुमच्या पंगतीत मांडा. ट्रिपच्या हिशेबात ही गोष्ट नेमकी विसरली जाते.

माझी एक चूक सांगते, म्हणजे मी यादीच्या एवढी मागे का लागले ते कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची ट्रिप मी विजयपूरला नेली होती. शेवटच्या दिवशी मी सहा ठिकाणं बसवली होती, आणि घड्याळ बघत टाळ्या वाजवत सगळ्यांना पळवत होते. गोलघुमटात वरच्या सज्जात सख्ख्या दोन बहिणी होत्या, दोघीही सत्तरीच्या पुढच्या. सात मजल्यांचा अरुंद जिना धापा टाकत चढून आलेल्या. तिथं घुमटाला आतून गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की समोर, सव्वाशे फूट लांब उभ्या असलेल्या माणसाला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. थोरली पलीकडे जाऊन उभी राहिली, पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं, आणि नेमकी त्याच वेळी मी टाळी वाजवली, ‘चला, चला, बारा वाजले!’ माझी टाळीच सात वेळा घुमली. धाकटी भिंतीला कान लावून उभी होती, तिला काही ऐकू आलं नाही. त्यानंतर आम्ही आणखी चार ठिकाणं बघितली. कुठली, ते मला आज आठवत नाही. थोरली गेल्या वर्षी गेली. धाकटी अजून भेटली की म्हणते, ‘अक्का तिथं काय बोलली गं?’ मी तेव्हा गप्प बसते.

म्हणून सांगते ताई, शेवटच्या दिवशी घड्याळ तुमच्या हातात आहे, तर त्यात रिकाम्या जागा ठेवा.

सकाळी किल्ल्यावर या. आठ वाजता, थंडी असतानाच. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना आधी सांगून ठेवा. किल्ला गडासारखा डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, भोवती खंदक. त्यामुळे गुडघ्याच्या मैत्रिणीला चढ नाही. आत लष्कराची वस्ती आहे, तेव्हा कुठंही मोबाइल काढण्याआधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारायचं, हे सगळ्यांना ट्रॅव्हलरमध्येच बजावा. चौदा बायकांचा फोटो काढायचा तर सकाळीच, किल्ल्याच्या दाराशी काढून टाका. संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात.

मग कमलबस्ती. इथं घाई अजिबात नको. १२०४ साली रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं हे जैन मंदिर बांधलं. नेमिनाथांची मूर्ती आहे. पण मैत्रिणींना आत नेऊन लगेच गाभाऱ्याकडे वळवू नका. मंडपात मध्यभागी उभं करा आणि म्हणा, वर बघा. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय, बहात्तर पाकळ्यांचं. चोवीस तीर्थंकर होऊन गेलेले, चोवीस आत्ताचे, चोवीस पुढं व्हायचे, म्हणून बहात्तर. हे आधी सांगू नका. आधी पाकळ्या मोजू द्या. तुम्ही सगळ्या शिक्षिका, तेव्हा मोजायला लावलंत की तेरा बायका माना वर करून तेरा आकडे सांगतील, आणि भांडण लागेल. लागू दे. वर्गातलं भांडण परत लागायला तीस वर्षांनी जागा मिळतेय. मग आकडा सांगा. काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत आहेत की गालाला लावले तर थंडगार लागतात. अर्धा तास इथं बसा. गुडघ्याच्या मैत्रिणीसाठी घरून एक फोल्डिंग खुर्ची ट्रॅव्हलरमध्ये टाका. जमिनीवर बसायला सांगितलं तर ती नको म्हणेल आणि बाहेर उभी राहील, सगळ्यांच्या आधी दमेल आणि कुणाला सांगणार नाही.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापुराहून बेळगावला आले ते आधी रिसालदार गल्लीत वकील भाट्यांकडे उतरले, मग किल्ल्यात वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. शिकागोच्या परिषदेला अजून वर्ष होतं, त्यांना जग ओळखत नव्हतं. बेळगावच्या एका वकिलानं अनोळखी संन्याशाला घरात घेतलं. ‘बघण्यासारखं काय आहे’ असं पुन्हा कुणी विचारलं तर तुम्ही काही बोलू नका, त्यांना इथं आणून शांत बसवा.

साडेदहाला टिळकवाडीत वीरसौध, म्हणजे काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. काँग्रेस रोडनं जाताना काँग्रेस विहीर दाखवा. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. आयुष्यात काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी एकदाच घेतलं, तेही आपल्या बेळगावात. हजारो माणसांना पाणी पाहिजे म्हणून ती विहीर खोदली. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा डोलारा उभा केला. शाळकरी वयाच्या गंगूबाई हनगल यांनी त्या अधिवेशनात स्वागतगीत म्हटलं होतं. आणि त्याच १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. तुमच्यातली जी कुणी गाणारी असेल, तिला एवढं सांगून बघा. कुठल्याही ग्रुपमध्ये गाणारी एक असतेच.

आणि पलूसची मैत्रीण. ती फक्त साड्यांचं बोलतेय, पण तिच्यासाठी तुमच्याकडं साड्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, ही सुरुवात इथलीच. मग १९१० साली ते इथून उठले आणि तिच्या गावाशेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. बाजारात जाताना किर्लोस्कर रोडच्या पाटीखाली तिला थांबवा. तिच्या गावाकडचा कारखाना आपल्या गल्लीतून गेला, हे कळल्यावर ती साड्यांच्या दुकानात दोन मिनिटं उशिरा गेली तरी तक्रार करणार नाही.

साडेबाराला सगळ्यांना घरी आणा. हॉटेल नको, ताई, ही माझी आग्रहाची विनंती आहे. चार दिवस त्या हॉटेलचं खातायत, पोटं बिघडायच्या बेतात असतील. फार करू नका. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, ताक. आणि भात मात्र आपल्या बेळगाव बासमतीचा. शहापूर-येळ्ळूरच्या शिवारातला तो तांदूळ शिजायला लागला की वास अंगणापर्यंत जातो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कुणीतरी नाक वर करून ‘अगं, हा कसला वास?’ असं विचारणारच. भाकऱ्या एकटीनं थापू नका. दोघीतिघींना परातीशी बसवा. एकीच्या हातची भाकरी वाकडी होईल, ती तिनंच खायची. तुम्ही वाढताना उभ्या राहू नका, पानावर बसा. यजमानीण बसली नाही की पाहुणे भराभर जेवून उठतात.

जेवणानंतर दोन तास काही नाही. कुणी झोपेल, कुणी ओसरीवर बसेल. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून अजून माग चालतात, दुपारी सगळं शांत झालं की यंत्रमागाचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. तुम्हाला तो ऐकू येणं बंद झालं असेल, त्यांना येईल. ज्यांना साड्या घ्यायच्यात त्यांना पाय मोकळे करायला म्हणून घेऊन निघा, ओळखीच्या विणकराकडं एक माग चालताना दाखवा, आणि मगच दुकानात न्या. धोटा इकडून तिकडं कसा जातो ते बघून घेतलेली साडी नेसताना वेगळी वाटते. शहापूर कधी काळी सांगली संस्थानात होतं, हेही जाता जाता सांगा. पुण्याची मंडळी ‘इथं इतकं छान मराठी कसं?’ असं विचारून तुम्हाला बुचकळ्यात टाकणार आहेत, त्याचं निम्मं उत्तर तिथं आहे.

एक नाजूक गोष्ट इथंच सांगून टाकते. बाहेरच्या मैत्रिणी आल्या की पाट्या वाचतात, आणि मग बेळगाव की बेळगावी, सीमाप्रश्नाचं काय, असा विषय निघतो. निघू द्या, तुमचं मत असेल तर मोकळेपणानं सांगा. पण तो घरी जेवताना निघावा, भाजीवालीसमोर नको. तिथं आपल्याला रोज जायचंय. त्यांना दोन शब्द शिकवा, ‘एष्टु री?’ एवढे. ‘केवढ्याला हो’ म्हणायचं ते असं. भाजीवाली हसेल आणि मराठीतच भाव सांगेल. आपल्या बाजारात हे रोज घडतं, एका वाक्यात दोन भाषा, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. चार दिवस फिरून मैत्रिणींना जे दिसलं नसेल ते इथं मिरच्यांच्या ढिगासमोर दिसेल.

खडेबाजार, गणपत गल्ली साडेतीन-चारच्या सुमाराला करा. ट्रॅव्हलर आत घालू नका, लांब उभी करून चालत जा. दोन गट करा, खरेदीवाल्या आणि बसणाऱ्या. बसणाऱ्यांसाठी एखादं चहाचं हॉटेल आधी ठरवून ठेवा, आणि साडेपाचला सगळ्यांनी तिथंच यायचं. चौदा जणींना एकत्र दुकानात नेलं तर एकीची साडी होईपर्यंत तेरा जणी ताटकळतात, आणि वर्षानुवर्षं न झालेलं भांडण त्या गादीवर होतं.

कुंदा आणि मांडे शेवटी घ्या. कुंदा दाणेदार आणि तपकिरी असला पाहिजे, दूध आटून आटून साखरेनं रंग धरलेला, पांढुरका दिसला तर पुढच्या दुकानात जा. चव घेऊन मगच घ्या, आपल्याकडं चमचाभर हातावर ठेवतातच. मांडे करताना दाखवता आले तर जरूर दाखवा. बाई पिठीसाखर भरलेला उंडा लाटते, मग दोन्ही हातांवर उलटसुलट फिरवत रुमालाएवढा, मग धोतराएवढा करते आणि उपड्या कढईवर टाकते. श्वास रोखून बघायची गोष्ट आहे. गरम असतानाच घडी घालायची, गार झाला की कडक. तुमच्या मैत्रिणी आयुष्यभर मनातले मांडे खात आल्या, खरा मांडा हातावर फिरताना त्यातल्या कितीजणींनी बघितलाय?

सहाला कपिलेश्वर. दिवेलागणीला देऊळ बरं वाटतं, आणि ते स्टेशनच्याच अंगाला आहे, त्यामुळे गाडी चुकायची धास्ती नाही.

आता सामानाचं. लॉजवर सकाळीच विचारून घ्या, चेकआउट बाराचा आहे की चोवीस तासांचा. बाराचा असेल तर सकाळी निघतानाच खोल्या सोडा आणि बॅगा तुमच्या ओसरीवर आणून टाका. दुपारी किल्ली द्यायला अर्धी मंडळी परत लॉजवर गेली की दिवसाची घडी विस्कटते. हिशेब शेवटच्या दिवशी अजिबात काढू नका. आदल्या रात्री दांडेलीहून येताना गाडीतच मिटवा, कुणाचे किती निघतात ते ग्रुपवर टाका आणि विषय संपवा. घरच्या जेवणाचे पैसे मात्र त्यात धरू नका. मैत्रिणी म्हणतील, आपण वाटून घेऊ. नको म्हणा. ट्रॅव्हलरचं त्या दिवसाचं भाडं त्यांना देऊ द्या, ते मात्र तुम्ही भरू नका.

आणि दुपारची गाडी धरूया म्हणणारीला आजच फोन करा. मेसेज नको, फोन. बेळगावच्या बाजूनं काही बोलू नका, यादीबद्दल तर नाहीच. एवढंच म्हणा, ‘तू माझ्याकडं जेवायला ये. मग वाटलं तर दुपारच्या गाडीनं जा, मी स्टेशनवर सोडते.’ तिला खरंच काही अडचण असेल, घरी कुणी आजारी असेल, तर ती तेव्हा बोलेल. नसेल तर ती रात्रीच्या गाडीचंच तिकीट काढेल. दोन्हीतलं काहीही झालं तरी तुमची झोप परत येईल असं मला वाटतं.

मिस्टरांना सांगा, सगळं सोडायचं नाहीये, पाचच ठिकाणं सोडायचीत. आणि त्या दिवशी सकाळी फोल्डिंग खुर्ची गाडीत टाकायचं काम त्यांच्याकडं द्या.

स्टेशनवर निघताना मांड्यांचे डबे सगळ्या बॅगांच्या वर ठेवायला सांगा, नाहीतर मिरजेला पोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो.

तुमची,
निपाणीची ताई